निलगिरीची दातेरी आगगाडी

बंगळूर शहरातून मोटारीने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला एका दिवसाच्या अंतरावर एक असा लोहमार्ग भेटतो, की ज्याच्यावर वाफेचे इंजिन आजही नेमाने कामावर जाते. तामिळनाडूतील मेट्टुपाळयमपासून उदगमंडलमपर्यंत, म्हणजे आपण ज्या गावास ऊटी म्हणतो तेथपर्यंत जाणारा हा निलगिरी पर्वतीय लोहमार्ग होय. त्याची लांबी सुमारे ४६ किलोमीटर आहे. २००५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला, आणि तेव्हापासून त्याची कीर्ती अधिकच पसरली.

या गाडीत बसणारे बहुतेक लोक हवा, चहाचे मळे आणि धुके यांच्या ओढीने येतात. त्यांत गैर काहीच नाही. परंतु या गाडीच्या चाकांखाली पदार्थविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आणि त्याचे एक सुंदर उत्तर दडलेले आहे, याची जाणीव असली तर प्रवासाची गोडी दुणावते. गुळगुळीत पोलादी चाकाला गुळगुळीत पोलादी रुळावरून किती उभा चढ चढता येईल, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधीत आपण बंगळूरहून निघू.

बंगळूर ते म्हैसूर

बंगळूरचा आगगाडीशी संबंध जुना आहे. १८६४ साली बंगळूर छावणी ते जोलारपेट हा लोहमार्ग सुरू झाला आणि शहर मद्रासशी जोडले गेले. पुढे म्हैसूर संस्थानाने मीटरगेजचा मार्ग बांधला. तो १८८२ साली म्हैसूरला पोचला. याच बंगळुरात १९६२ साली विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय सुरू झाले. तेथील इंजिनांच्या दालनात दट्ट्याची सरळ रेषेतील ये-जा चाकाच्या गोल फिरण्यात कशी बदलते, हे पाहून मगच प्रवासास निघावे. पुढे डोंगरात जे पाहावयाचे आहे त्याची ही पूर्वतयारी होईल.

रामनगरच्या खडकाळ टेकड्या, लाकडी खेळण्यांचे चन्नपट्टण, उसाच्या शेतांचे मंड्या आणि कावेरीच्या बेटावरील श्रीरंगपट्टण ही गावे मागे टाकीत रस्ता म्हैसूरला येतो. हे अंतर सुमारे १४५ किलोमीटर आहे. म्हैसूर रेल्वे स्थानकाजवळ १९७९ साली स्थापन झालेले रेल्वे संग्रहालय आहे. संस्थानच्या काळातील शाही डबे आणि निवृत्त झालेली बाष्प इंजिने तेथे मांडून ठेवली आहेत. मुले त्यांच्यावर चढतात, तरफा ओढून पाहतात, चाकाशी उभी राहून आपली उंची मोजतात. इंजिनाची अंगे जवळून न्याहाळण्यास ही जागा फार चांगली आहे. बाष्पक कोठे आहे, धुराडे कोठे आहे, नळकांडे म्हणजे सिलिंडर कोठे आहे आणि जोडदांड्यांनी चाके एकमेकांस कशी बांधलेली असतात, हे सर्व येथे निवांतपणे समजून घेता येते.

मात्र या इंजिनांत विस्तव नाही. पाण्याची वाफ होताना, साध्या हवेच्या दाबाखाली, तिचे आकारमान सुमारे १,६०० पट वाढते. बंद बाष्पकात तिला असे मोकळेपणी पसरता येत नाही, म्हणून तिचा दाब वाढतो, आणि तो दाब दट्ट्यास पुढे ढकलतो. ही सर्व क्रिया संग्रहालयात कल्पनेनेच पाहावी लागते. थंड इंजिन आणि चालते इंजिन यांत किती अंतर असते, हे या प्रवासाच्या दुसऱ्या टोकास कळून येईल.

रबर आणि पोलाद

म्हैसूरहून नंजनगूड व गुंडलुपेट या गावांवरून जाणारा रस्ता बंदीपूरच्या अरण्यात शिरतो. वन्य प्राण्यांच्या हितासाठी हा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत सर्वसाधारण वाहतुकीस बंद असतो, म्हणून प्रवासाची वेळ त्या बेताने ठरवावी लागते. राज्याची सीमा ओलांडली की तोच वनप्रदेश मुदुमलै या नावाने पुढे चालू राहतो, आणि गुडलूरच्या पुढे घाट चढून मोटार ऊटीस पोचते. बंगळूरपासून हा सर्व प्रवास सुमारे ३०० किलोमीटरांचा होतो.

या घाटातच आपल्या प्रश्नाचा पहिला धागा हाती येतो. मोटार एकामागून एक वळणे घेत उभे चढ सहज चढते. तिची चाके घसरत नाहीत. याचे श्रेय इंजिनाइतकेच रबरी धावेला आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचे घर्षण इतके असते, की चाकावर पडणाऱ्या वजनाच्या दोन-तृतीयांशांहून अधिक जोर ते रस्त्यावर लावू शकते. पोलादी चाक पोलादी रुळावर ठेवले तर हे प्रमाण रूळ कोरडा असताना वजनाच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शावर येते, आणि रूळ दवाने किंवा तेलकट मळीने निसरडा झाला तर ते दहाव्या हिश्शापर्यंत उतरू शकते.

मग लोहमार्गाचा खटाटोप मनुष्याने केलाच कशाला, असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर घर्षणातच आहे. रबरी धाव रस्त्यावर दबते आणि सुटते. या दबण्या-सुटण्यात शक्ती वाया जाते. पोलादी चाक जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे सपाट जमिनीवर एक टन वजनाची मोटार चालती ठेवण्यास जेवढा जोर लागतो, त्याच्या दशांशाच्या आसपास जोर तेवढ्याच वजनाच्या रेल्वेडब्यास पुरतो. म्हणूनच एक इंजिन शेकडो टनांची मालगाडी ओढून नेऊ शकते. पोलादाचा हा गुण सपाटीवर वरदान ठरतो आणि डोंगरात अडचण होतो, कारण जे चाक सहज गडगडते तेच चाक सहज घसरते.

एक लहानसे गणित

ही अडचण किती मोठी आहे हे आकड्यांनी पाहू. समजा, एका इंजिनाचे वजन ५० टन आहे आणि ते सर्व वजन चालक चाकांवरच पडते. रूळ कोरडा असताना वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका, म्हणजे १० टनांचा जोर हे इंजिन रुळावर लावू शकेल. आता ते १२ मीटरांत १ मीटर चढणाऱ्या मार्गावर आले. येथे स्वतःचे वजन वर नेण्यासाठीच त्याला ५० चा बारावा भाग, म्हणजे ४.१७ टन जोर खर्च करावा लागेल. उरले ५.८३ टन. तेवढ्यात १२ पट वजनाचे, म्हणजे सुमारे ७० टनांचे डबे वर जातील.

इतक्यात पाऊस आला आणि रूळ निसरडे झाले. पकड दहाव्या हिश्शावर उतरली. आता एकूण जोर ५ टन, त्यांपैकी ४.१७ टन इंजिनालाच लागतात. उरले ०.८३ टन, आणि तेवढ्यात जेमतेम १० टनांचा एखादा डबा हलेल. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की इंजिनाची शक्ती तसूभरही कमी झालेली नाही. बाष्पकात वाफ तितकीच आहे, विस्तव तितकाच धगधगत आहे. पण चाके जागच्या जागी फिरू लागली आहेत. शक्ती असूनही पकड नसल्याने गाडी अडते. निलगिरीवर तर दोन्ही मोसमी पाऊस पडतात आणि धुके वारंवार उतरते.

विद्यार्थ्यांना याचा पडताळा वर्गातच घेता येईल. एक पोलादी मोजपट्टी घ्यावी, तिच्यावर एक नाणे ठेवावे आणि पट्टीचे एक टोक हळूहळू उचलावे. नाणे घसरू लागेल त्या क्षणी वर उचललेल्या टोकाची उंची आणि त्याच्या खालच्या पायाची लांबी मोजावी. उंचीला पायाने भागले असता येणारी संख्या हाच त्या दोन पृष्ठांचा घर्षणांक होय. नंतर पट्टीला तेलाचा एक थेंब पुसून तोच प्रयोग पुन्हा करावा. दुसऱ्या वेळी पट्टी किती कमी उचलावी लागली, ते वहीत टिपून ठेवावे.

महाराष्ट्रातील घाट आणि निलगिरीचा घाट

आपल्याकडील लोहमार्ग बांधणाऱ्यांनाही हा प्रश्न सोडवावा लागला होता. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटातील सर्वांत उभा चढ ३७ मीटरांत १ मीटर असा होता. तेवढ्यासाठीसुद्धा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटविण्याचे एक स्थानक ठेवावे लागले, आणि ते १९२९ पर्यंत वापरात होते. आजही कर्जतला गाडीच्या पाठीमागे जादा इंजिने जोडून ती लोणावळ्यापर्यंत ढकलीत नेतात, हे अनेक वाचकांनी पाहिले असेल. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर चढ २० मीटरांत १ मीटरपर्यंत जातो. ती गाडी अरुंद गेजची, लहान डब्यांची व मंदगती आहे; डोंगराला असंख्य वळसे घालीत ती केवळ चाकांच्या पकडीवरच वर जाते.

निलगिरीच्या गाडीपुढील काम याहून कठीण होते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथून आलेल्या मोटारीने निम्मी चढण जणू आधीच चढलेली असते. आगगाडी मात्र डोंगराच्या दुसऱ्या बाजूने, कोईमतूरच्या सपाट प्रदेशातून येते. मेट्टुपाळयम अवघ्या ३२६ मीटरांवर आहे आणि मार्गाचा माथा २,२०३ मीटरांवर. त्यातही खरी चढण कल्लार ते कुन्नूर या सुमारे २० किलोमीटरांच्या टप्प्यात एकवटली आहे. तेथे सर्वांत उभा चढ १२.२८ मीटरांत १ मीटर आहे, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ८१ मीटर. बोरघाटाच्या तिपटीहून किंचितच अधिक असा हा चढ आहे.

त्यामुळे बांधकामास फार काळ लागला. या मार्गाची कल्पना १८५४ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यानंतर एका वर्षातच पुढे आली होती. प्रत्यक्ष कामास १८९१ साली प्रारंभ झाला. १८९९ साली गाडी कुन्नूरला पोचली आणि १९०८ साली ऊटीला. साडेचार तपे जी कल्पना कागदावर आणि डोंगरात अडखळत राहिली, ती पुरी होण्यास युरोपातील एका शोधाची जोड मिळावी लागली.

दात्यांचा इतिहास

चाकाला दाते लावण्याची कल्पना आगगाडीइतकीच जुनी आहे, आणि तिचा जन्म चक्क सपाटीवर झाला. १८१२ साली इंग्लंडमध्ये लीड्सजवळील मिडल्टन येथे जॉन ब्लेंकिन्सॉप याने कोळसा वाहण्यासाठी जो मार्ग तयार केला, त्याच्या रुळाच्या बाजूस दाते होते. गुळगुळीत चाके हलक्या इंजिनाला पुरेशी पकड देणार नाहीत, अशी त्याची समजूत होती. पुढल्याच वर्षी विल्यम हेडली याने प्रयोगांनी दाखवून दिले, की सपाट मार्गावर गुळगुळीत चाके आपले काम नीट करतात. दाते अनावश्यक ठरले आणि अडगळीत पडले.

अर्धशतकानंतर डोंगरांनी त्यांना परत बोलाविले. १८६९ साली अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर आणि १८७१ साली स्वित्झर्लंडमध्ये रिगी पर्वतावर दोन रुळांच्या मधोमध दातेरी मार्ग बसवून गाड्या वर नेण्यात आल्या. रिगीचा मार्ग करणारा निक्लाउस रिगेनबाख याच्या हाताखाली रोमन आप्ट नावाचा एक तरुण अभियंता काम शिकला होता. जुन्या पद्धतीत एक उणीव त्याला दिसली. दंतचक्राचा एक दाता मार्गातील दात्यावरून सुटून दुसरा लागेपर्यंत जोर कमीजास्त होतो, गाडीला हिसके बसतात, आणि दाते लवकर झिजतात. १८८२ साली आप्टने यावर तोड काढली.

ती तोड समजण्यास दोन सारख्या फण्या पुरे आहेत. त्या एकमेकींशेजारी अशा धराव्यात, की एकीच्या दात्यासमोर दुसरीची फट येईल. आता त्यांवरून बोट फिरविले तर एका फणीच्या फटीत बोट असताना दुसरीचा दाता त्याला लागलेला असतो. आप्टने रुळांच्या मधोमध अशाच दोन दातेरी पट्ट्या शेजारी-शेजारी बसविल्या आणि इंजिनाखाली त्यांच्याशी जुळणारी दंतचक्रे दिली. एक दाता सुटण्यापूर्वी दुसरा पकडलेला असतो, त्यामुळे ओढ अखंड राहते आणि भार वाटला जातो. जर्मनीतील हार्झ पर्वतात १८८५ साली ही पद्धत वापरात आली, आणि निलगिरीने तीच स्वीकारली. भारतीय रेल्वेच्या प्रवासी मार्गांपैकी दातेरी रुळांचा मार्ग आज हा एकच आहे.

इंजिन कसे काम करते

ऊटीला पोचलेल्या प्रवाशाने कुन्नूरवरून घाट उतरून मेट्टुपाळयमला मुक्कामास जावे, कारण वर जाणारी गाडी तेथून सकाळी सुटते. मोटार तेथेच ठेवून दुपारच्या गाडीने परत येणे किंवा ती घाटरस्त्याने वर मागविणे, या दोन्ही गोष्टी शक्य आहेत.

स्थानकावर प्रथम नजरेत भरते ती ही गोष्ट, की इंजिन गाडीच्या मागे लावलेले असते. घाटात ते नेहमी उताराच्या बाजूस राहते. चढताना डबे ढकलते आणि उतरताना त्यांच्या पुढे राहून त्यांना तोलून धरते. डब्यांची साखळी तुटली तरी डबे निसटून खाली धावू नयेत, त्यांच्या पाठीशी इंजिनाचा आधार असावा, हा यामागील हेतू आहे. पुढची वाट चालकाला दिसत नसल्याने डब्यांच्या टोकांस असलेल्या उघड्या सज्ज्यांत ब्रेकवाले उभे असतात. पुढल्या सज्ज्यातील माणूस मार्गावर लक्ष ठेवून निशाण दाखवितो.

या मार्गावरील एक्स वर्गाची इंजिने मुळात स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात तयार झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांचे आगमन सुरू झाले आणि तेथून आलेली अखेरची तुकडी १९५२ च्या सुमाराची आहे. साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात. या इंजिनाला चार आहेत, प्रत्येक बाजूस एकावर एक असे दोन. खालची जोडी रुळांवरील नेहमीची चाके फिरविते. वरची जोडी दंतचक्रे फिरविते.

मेट्टुपाळयम ते कल्लार हा सुमारे ८ किलोमीटरांचा मार्ग जवळजवळ सपाट आहे. तेथे केवळ खालचे सिलिंडर काम करतात. वापरलेली वाफ धुराड्यावाटे निघून जाते, आणि वरचे दांडे स्वस्थ असतात. कल्लारला दातेरी पट्टी सुरू होते. तिचा आरंभीचा तुकडा स्प्रिंगांवर बसविलेला असतो, कारण दंतचक्राचा दाता नेमका फटीवरच येईल असे नाही. दाता दात्यावर आला तर पट्टी दबते आणि क्षणात दोन्ही जुळून येतात. दाते जुळले की चालक वरचे सिलिंडर सुरू करतो. खालच्या सिलिंडरांत एकदा काम केलेली, दाब उतरलेली वाफ आता बाहेर न सोडता वरच्या सिलिंडरांत नेली जाते आणि तेथे पसरून ती दुसऱ्यांदा काम करते. एकाच वाफेला दोनदा राबविण्याच्या या रीतीस संयुक्त प्रसरण म्हणतात. फलाटावर उभे राहून वरचे दांडे हलू लागले की ओळखावे, येथून घर्षणाचे राज्य संपले आणि दात्यांचे सुरू झाले.

पुढे वेग मंदावतो. साध्या मार्गावर ताशी ३० किलोमीटरपर्यंत जाणारी गाडी दातेरी मार्गावर ताशी १३ किलोमीटरांपलीकडे जात नाही. संपूर्ण मार्गावर २०८ वळणे, १६ बोगदे आणि २५० पूल आहेत. वाटेत इंजिनाला पाणी पाजण्यासाठी थांबावे लागते. प्रवासी खाली उतरून चहा घेतात. त्या वेळात टाकीत पाणी भरले जाते आणि इंजिनाच्या सांध्यांना तेल घातले जाते. कुन्नूरला दातेरी पट्टी संपते. तेथून ऊटीपर्यंतचा चढ सुमारे २३ मीटरांत १ मीटर इतका सौम्य असल्याने साधी चाके पुरतात, आणि तो टप्पा डिझेल इंजिन पार पाडते. मेट्टुपाळयमहून निघाल्यापासून ऊटीला पोचण्यास एकूण पावणेपाच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो.

खाली उतरण्याची विद्या

चढण्याचे कौतुक सर्वांना वाटते. अभियंत्याला मात्र उतरण्याची चिंता अधिक असते. चढताना पकड सुटली तर गाडी थांबते. उतरताना पकड सुटली तर ती थांबत नाही. साधा ब्रेक चाकाला दाबून धरतो; पण चाक थांबले आणि निसरड्या रुळावरून तसेच घसरू लागले, तर त्या ब्रेकचा उपयोग संपला. येथेही दाते कामी येतात. पट्टीत अडकलेले दंतचक्र घसरू शकत नाही, म्हणून त्याला रोखले की गाडी निश्चितपणे रोखली जाते.

शिवाय अशा पर्वतीय इंजिनांत सिलिंडरांचाच ब्रेक म्हणून उपयोग करण्याची युक्ती आहे. उतारावर वाफ बंद करून सिलिंडरांत हवा ओढू देतात. उतरत्या गाडीच्या जोराने दट्ट्या ती हवा दाबीत राहतो आणि त्या दाबाने गती आवरली जाते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला असता हाताला जो विरोध जाणवतो, तोच हा विरोध होय. दाबल्याने हवा तापते, हेही पंपाच्या अनुभवावरून ठाऊक असेल. म्हणून सिलिंडर थंड ठेवण्यासाठी त्यांत थोडे पाणी सोडावे लागते. या सर्वांच्या जोडीला डब्यांवरील ब्रेकवाले असतात. इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेसरशी ते आपापल्या डब्याचे हातब्रेक आवळतात किंवा सैल सोडतात. किती आवळावयाचे, हे त्यांच्या हातांना ठाऊक असते.

जतन कशाचे करावयाचे?

आता मूळ गोष्टीकडे येऊ. भारतातील बाष्प इंजिनांचा काळ कधीच मागे पडला. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० साली आपले पहिले इंजिन बाहेर काढले आणि १९७० साली ‘अंतिम सितारा’ हे ब्रॉडगेजचे शेवटचे बाष्प इंजिन. १९९५ साली ब्रॉडगेजवरील नित्याची बाष्प सेवाही थांबली. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा फार थोडा भाग कामी लावते, त्याची निगा खर्चाची असते आणि त्याला तापून तयार होण्यास तासचे तास लागतात. सर्वसामान्य वाहतुकीतून ते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही.

निलगिरीवर ते टिकले याचे कारण भावनेपेक्षा व्यवहारात अधिक आहे. या मार्गावर दंतचक्रांची जी इंजिने धावतात ती आजही वाफेचीच आहेत. साधे डिझेल इंजिन त्यांची जागा घेऊ शकत नाही. परंतु जुन्या इंजिनांना वय असतेच. दाते झिजतात, बाष्पकाच्या नळ्या गळू लागतात, आणि सुटा भाग मागवावा असा मूळ कारखाना आता त्या रूपात उरलेला नाही. लागेल तो भाग घडवूनच घ्यावा लागतो. २००० नंतरच्या काळात काही इंजिने कोळशाऐवजी तेलावर चालविण्याची सोय करण्यात आली. पुढे तिरुचिरापल्ली येथील रेल्वेच्या गोल्डन रॉक कारखान्याने याच वर्गाची तेलावर चालणारी नवी इंजिने तयार केली, आणि २०२१ साली कोळशावर चालणारे नवे इंजिनही तेथून बाहेर पडले. स्वित्झर्लंडमध्येही १९९२ साली दातेरी मार्गांसाठी नवी बाष्प इंजिने तयार झाली होती. म्हणजे हे ज्ञान मृत नाही. मात्र जगात फार थोड्या हातांत उरले आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘शंभर वर्षांपूर्वीचे यंत्र आज नव्याने घडविले तर तो वारसा कसला?’ हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण म्हैसूरच्या संग्रहालयातील इंजिन आठवून पाहावे. त्याचा प्रत्येक भाग अस्सल आहे, तरी ते चालविण्याची रीत त्या लोखंडात कोठेही लिहिलेली नाही. भट्टीत विस्तव कसा पसरावा, धुराच्या रंगावरून जाळ कमी की जास्त हे कसे ओळखावे, धुराड्याच्या आवाजावरून चढ कसा जाणावा, पाणी किती उरले म्हणजे थांबलेच पाहिजे, या गोष्टी एक माणूस दुसऱ्याच्या शेजारी उभा राहून वर्षानुवर्षे शिकतो. कुन्नूरच्या इंजिनशाळेतील कारागीर झिजलेला भाग हाताने चाचपून तो आणखी किती दिवस पुरेल हे सांगतो, ते ज्ञानही याच जातीचे. आराखडे कपाटात शतकभर टिकतात. हे ज्ञान मात्र एक पिढी जरी वापरावाचून राहिले, तरी ते पुन्हा उभे करणे अतिशय कठीण जाते.

म्हणून दोन्हींची गरज आहे. जुनी वस्तू मूळ स्वरूपात पाहावयाची तर संग्रहालय हवे, आणि जुनी विद्या जिवंत ठेवावयाची तर तिला रोज काम हवे. निलगिरीच्या गाडीला हे काम आपोआप मिळालेले नाही. ईशान्य मोसमी पावसात दरडी कोसळून मार्ग दिवसेंदिवस बंद पडतो. कल्लारच्या रानात हत्तींचा वावर असतो. तिकिटाच्या पैशात हा सर्व खर्च भागविणे सोपे नाही. तरीही दरड उपसून, दाते तपासून गाडी पुन्हा सुरू केली जाते, आणि त्याबरोबर नवे लोक जुन्यांच्या हाताखाली उभे राहतात.

या मार्गास भेट देणाऱ्या विद्यार्थ्यांनी चार गोष्टी आवर्जून पाहाव्यात. मेट्टुपाळयमला इंजिन गाडीच्या कोणत्या टोकास आहे ते पाहावे. कल्लारला दातेरी पट्टीचे तोंड आणि वरच्या दांड्यांचा आरंभ पाहावा. रुळांच्या मधल्या दोन पट्ट्यांतील दाते एकमेकांच्या फटीसमोर कसे आले आहेत ते निरखावे. आणि गाडी पाण्यासाठी थांबेल तेव्हा तेलाची झारी घेऊन चाकांजवळ वाकलेल्या माणसाच्या हातांकडे नीट लक्ष द्यावे. तो कामात नसेल तर त्याला एखादा प्रश्न विचारण्यासही संकोच करू नये. पुस्तकात न सापडणारे पुष्कळसे त्याच्यापाशी आहे.